थडगं मोडून वाचावं का?

शंकेखोर : उत्तर युरोपातली महापाषाणी थडगी खणणाऱ्यांबद्दल माझी तक्रार जुनी आहे. थडगं म्हणजे बांधणाऱ्यांनी बंद करून ठेवलेली पेटी, असं मनाशी धरून ही मंडळी आत शिरतात आणि आत जे सापडेल ते बांधणाऱ्यांच्या नावावर जमा करतात. स्कॉटलंडच्या उत्तरेच्या ऑर्कनी बेटांवर, इस्बिस्टर नावाच्या जागी, १९५८ साली एका शेतकऱ्याला आपल्या जमिनीत असं थडगं सापडलं. बरीच वर्षं वाट पाहून १९७६ मध्ये त्यानं ते स्वतःच खणलं. सुमारे १६,००० मानवी हाडं निघाली आणि त्यांच्याबरोबर समुद्री गरुडांची हाडं. झालं! जॉन हेजेस यांनी १९८४ साली पुस्तक लिहिलं. थडग्यात ३४२ माणसं आणि गरुड हे त्या जमातीचं देवक, असा सगळा संसार त्यात मांडला. ऑर्कनीतल्याच क्युवीन टेकडीवरच्या थडग्यात कुत्र्यांच्या २४ कवट्या मिळाल्या होत्या, म्हणून तिथले लोक कुत्र्याच्या देवकाचे. पुढे कार्बन-१४ नं हाडांचं वय मोजलं, तर गरुड आणि कुत्री दोन्ही थडगी बांधून झाल्यावर कित्येक शतकांनी तिथं आलेली. म्हणजे ज्यांचं देवक म्हणून सांगितलं ते कधीच मरून गेले होते. जे सापडलं ते शेवटच्या पाहुण्यांचं. यजमानांचा पत्ताच नाही.

उत्खननप्रेमी : तुमचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. चूक कुणी पकडली? त्याच हाडांनी. शेतकऱ्यानं ती फेकून दिली असती, तर गरुडाचं देवक आजही पाठ्यपुस्तकात बसलं असतं. हाडांना पुढच्या प्रश्नांची वाट पाहता येते, हाच माझा मुख्य मुद्दा. इंग्लंडमध्ये ग्लॉस्टरशायरमधल्या हेझलटन नॉर्थचं थडगं १९७९ ते १९८२ या काळात खणलं. तेव्हा प्राचीन डीएनए काढता येईल असं खणणाऱ्यांच्या स्वप्नातही नव्हतं. चाळीस वर्षांनी त्याच हाडांतून ३५ जणांचा डीएनए वाचला गेला. त्यातले २७ जण एकाच कुटुंबाचे, पाच पिढ्यांचे. एक मूळ पुरुष आणि त्याला मुलं झालेल्या चार बायका. कुणाला दक्षिणेच्या कोठडीत ठेवायचं आणि कुणाला उत्तरेच्या, हे त्या चौघींपैकी कुणाच्या पोटचा वंश आहे यावरून ठरलेलं दिसतं. काही पुरुष तर त्या घराण्याच्या रक्ताचे नाहीतच. त्यांच्या आया या घरात आल्या आणि मुलंही घरचीच मानली गेली. साडेपाच हजारांवर वर्षांपूर्वीच्या सावत्र मुलाला बापाच्या थडग्यात जागा मिळाली, हे आपल्याला आज ठाऊक आहे. याला तुम्ही पाहुण्यांचा पसारा म्हणणार?

शंकेखोर : नाही म्हणणार. पण ती माहिती समाजाची आहे, की थडग्यात घेतल्या गेलेल्या माणसांची? त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट निघाली, ती तुम्ही गाळली. त्या वंशातल्या वयात आलेल्या लेकी थडग्यात नाहीत. लग्न होऊन दुसरीकडे गेल्या असतील असा तर्क आहे आणि तो बरा आहे. पण मग निम्मं घर बाहेर राहिलं. आणि ज्या घराण्यांना असं दगडी थडगं बांधण्याची ऐपतच नव्हती, ती सगळी कुठं गेली? आपण निवडून ठेवलेली मंडळी पाहतो आणि त्यांच्यावरून सगळ्या गावाचं चित्र काढतो.

त्याहून मोठी चाळणी मातीची. नेदरलँड्समध्ये ड्रेन्थ प्रांतात आणि त्याला लागून मिळून ५४ ‘हुनेबेड’ आहेत. प्रचंड गोल दगडांच्या ओळी, वर छतशिळा. टिटिया ब्रोंगर्समा या कवयित्रीनं १६८५ साली बोर्गर इथल्या सगळ्यांत मोठ्या थडग्याखाली खणलं, तेव्हापासून तिथं मडकी निघत आली आहेत. पुढे विसाव्या शतकात एकेका थडग्यातून शेकड्यांनी मडक्यांची खापरं निघाली. हाडं मात्र जवळजवळ नाहीतच. तिथली वाळूमिश्रित आम्लधर्मी जमीन हाडं खाऊन टाकते. उलट स्वीडनमधल्या फालबिग्डेन भागात जमिनीखाली चुनखडक आहे, म्हणून तिथं हाडं टिकली. आता पाहा, कुटुंबांच्या वंशावळी कुठून येतात? चुनखडकाच्या प्रदेशांतून. मग वर्तमानपत्रात मथळा येतो, ‘नवाश्मयुगातले लोक असे जगत होते’. चुनखडकावर राहणारे असे जगत होते, असं कुणी छापत नाही.

उत्खननप्रेमी : मातीचा मुद्दा मान्य. पण त्याच फालबिग्डेनचं उदाहरण घ्या. गोकहेम गावाजवळ फ्रेल्सेगार्डन नावाचं थडगं आहे. बोळातून आत जायचं आणि मध्ये आडवी कोठडी, अशा रचनेचं. १९९९ ते २००१ मध्ये ते खणलं गेलं. अशा थडग्यांतली हाडं विस्कटलेली सापडतात, म्हणून फार पूर्वीपासून असं मानलं जाई की मृतदेह आधी बाहेर कुठंतरी ठेवत, मांस गळून गेल्यावर मोजकी हाडं आत आणत. फ्रेल्सेगार्डनमध्ये हातापायांची बारीक हाडंसुद्धा मिळाली. बाहेरून निवडून आणायची तर कवट्या, मांड्यांची हाडं आणतील, बोटांची पेरं कोण वेचून आणणार? म्हणजे देह अख्खे आत ठेवले होते आणि पुढच्यांना जागा करताना ते सरकत गेले. इतका मोठा समज एवढ्याशा हाडांनी मोडला.

आणि मग रोगाचा शोध. २०१९ साली याच थडग्यातल्या विशीतल्या एका मुलीच्या दातांत प्लेगच्या जंतूचा डीएनए सापडला, सुमारे ४,९०० वर्षांपूर्वीचा. २०२४ साली स्कँडिनेव्हियातल्या अशा थडग्यांतल्या १०८ जणांचा अभ्यास झाला आणि त्यांतल्या १७ टक्क्यांमध्ये प्लेगचा जंतू निघाला. ३८ जणांची सहा पिढ्यांची वंशावळही लागली. त्या काळाच्या सुमारास उत्तरेतली शेतकरी वस्ती घटलेली दिसते, त्याचं कारण कुणालाच सांगता येत नव्हतं. आता निदान एक संशयित तरी हाती आहे.

शंकेखोर : संशयित आहे, आरोप सिद्ध झालेला नाही. अंगात जंतू सापडला म्हणजे माणूस त्यानंच मेला असं होत नाही. आणि सामूहिक थडग्यात तर रोगाचे बळी एकत्र येण्याची शक्यता मुळातच जास्त. पण ते बाजूला ठेवू. माझा मूळ प्रश्न तसाच आहे. तुम्ही सांगितलंत ते सगळं आत ठेवलेल्या माणसांबद्दलचं. बांधणाऱ्यांबद्दल काय? तुम्हीच कबूल केलंत की देह सरकवले जायचे. मग पहिल्या पिढीचे देह कुठल्या कोपऱ्यात गेले, काही बाहेर काढून टाकले का, कोण सांगणार? ऑर्कनीतलंच मेशाउ पाहा. १८६१ मध्ये जेम्स फॅरर वरून छत फोडून आत उतरले, तेव्हा कळलं की त्यांच्या सातशे वर्षं आधी नॉर्स लोक तिथं शिरून भिंतींवर रून लिपीत लिहून गेले होते. जवळपास तीस लेख. काहींत इथला खजिना कुणीतरी नेला असं म्हटलंय. मानवी अवशेष म्हणाल तर कवटीचा एक तुकडा! थडगं जितकं देखणं, तितकं ते जास्त वेळा उघडलेलं.

(हा मुद्दा या लेखकाला बिनतोड वाटतो. पण नॉर्स लोकांचे ते लेख आज ऑर्कनीच्या इतिहासाचा ठेवा मानले जातात. तेव्हा घुसखोर किती जुना झाला की ठेवा होतो, हे कुणीतरी ठरवायला हवं.)

उत्खननप्रेमी : आता मी तुमच्या प्रश्नाला नेमकं उत्तर देतो, कारण ते खरंच मिळालं आहे. पण हाडांतून नाही. डेन्मार्कमध्ये या थडग्यांना लोक ‘येट्टेस्तुए’ म्हणतात, राक्षसांची घरं. तिथला राजा सातवा फ्रेडरिक याला या थडग्यांचं इतकं वेड होतं की इतक्या अवजड शिळा वर चढवल्या कशा, यावर त्यानं १८५७ साली स्वतः पुस्तिका लिहिली. शंभराहून अधिक वर्षांनी, विसाव्या शतकाच्या शेवटाकडे, ढासळू लागलेल्या थडग्यांची दुरुस्ती निघाली. मोठ्या शिळांच्या मधल्या फटी सपाट दगडांच्या थरांनी भरलेल्या असतात. तो भाग उकलताना त्या थरांमध्ये बर्च झाडाच्या सालीचे तुकडे सापडले. पाच हजारांवर वर्षांपूर्वी एका कारागिरानं दोन दगडांमध्ये साल घातली आणि वर तिसरा दगड ठेवला. त्यानंतर तिला कुणाचा हात लागला नाही, ना पुढच्या पिढ्यांचा, ना चोरांचा, ना राजाचा. त्या सालीचं वय मोजलं की बांधकामाचं वय कळतं. पाहुण्यांचं नव्हे, यजमानांचं.

तसंच उत्तर जर्मनीत कील शहराजवळ फ्लिंटबेक इथं. एका लांबट थडग्याचा पूर्ण ढिगारा खणला, तेव्हा त्याच्याखाली जमिनीत चाकांच्या खुणा निघाल्या. इ.स.पू. ३४०० च्या सुमाराच्या. जगातल्या सर्वांत जुन्या चाकांच्या पुराव्यांपैकी एक. वर ढिगारा रचला गेला म्हणूनच त्या टिकल्या. कोठडीतलं सगळं ढवळलं गेलं असेल, पण भिंतीच्या पोटातलं आणि ढिगाऱ्याच्या तळातलं कुणी ढवळत नाही.

शंकेखोर : थांबा. तुम्ही आत्ता काय बोललात ते तुमच्या लक्षात आलं का? कोठडी शेवटच्यांची साक्ष देते, भिंत आणि ढिगारा पहिल्यांची. फार चांगलं. पण कोठडी पाहायची तर वाकून आत जायचं, दिव्यानं उजेड पाडायचा, हाडं उचलायची. भिंत पाहायची तर भिंत मोडायला लागते. फ्लिंटबेकच्या खुणा दिसल्या कारण वरचं थडगं गेलं. तुमच्या सगळ्यांत खात्रीच्या पुराव्याची किंमत म्हणजे खुद्द थडगं.

उत्खननप्रेमी : मोडायचं म्हणजे कायमचं मोडायचं असं नाही. डेन्मार्कमधली साल दुरुस्तीतच मिळाली. मोडून, नोंदवून, पुन्हा बांधता येतं. ड्रेन्थमधल्या हावेल्टं इथलं एक मोठं हुनेबेड दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैन्यानं विमानतळासाठी उखडलं आणि दगड पुरून टाकले. पण फान गिफेन यांनी १९१८ सालीच त्याचं उत्खनन करून तपशीलवार आराखडे करून ठेवले होते. युद्ध संपल्यावर त्या आराखड्यांवरून ते पुन्हा उभं केलं. खणलं नसतं, तर आज तिथं काहीच नसतं. आणि एकूणच न खणल्यामुळे थडगी वाचली असं मुळीच नाही. डेन्मार्कमध्ये मूळची अंदाजे २५,००० होती, उरली सुमारे २,४००. बाकीची पुरातत्त्वज्ञांनी खाल्ली नाहीत. रस्त्यांना, पुलांना, चर्चना, शेतांच्या बांधांना ती गेली. ड्रेन्थमध्येही १७३० नंतर समुद्रकिनाऱ्याच्या बांधांचं लाकूड किड्यानं पोखरलं, बांधांना दगड लागू लागले आणि हुनेबेडांवर धाड पडली. तेव्हा कुठं १७३४ मध्ये प्रांतानं ते दगड उचलायला बंदी केली.

शंकेखोर : बंदी दगडांवर झाली ती उत्खननामुळे नाही, दगडचोरी हाताबाहेर गेली म्हणून. पण ते सोडा. पुन्हा बांधण्याचं बोलायचं तर आयर्लंडच्या न्यूग्रेंजबद्दल बोला. मायकेल ओ’केली यांनी १९६२ ते १९७५ इतकी वर्षं तिथं काम केलं. थोर माणूस. दक्षिणायनाच्या शेवटी उगवत्या सूर्याचा किरण बोळातून आतल्या कोठडीपर्यंत पोचतो, हे त्यांनीच १९६७ च्या डिसेंबरात आत उभं राहून पाहिलं. पण समोर जमिनीवर पडलेले पांढरे गारगोटीचे दगड त्यांनी कोसळलेली भिंत समजून, मागे काँक्रीटचा आधार देऊन उभे केले. आज जगभर न्यूग्रेंज म्हणून छापली जाते ती ही भिंत. शेजारच्या नाउथला उत्खनन करणाऱ्या जॉर्ज ओगन यांनी तशाच गारगोट्या जमिनीवरच ठेवल्या, फरशीसारख्या. एकाच नदीकाठची, एकाच काळातली दोन थडगी आणि एकाच पुराव्याची दोन वाचनं. फरक एवढाच की नाउथमध्ये उद्या मत बदललं तर बदलता येईल. न्यूग्रेंजमध्ये काँक्रीट आहे.

आणि त्याच न्यूग्रेंजच्या आतल्या कवटीच्या एका तुकड्यातून २०२० साली डीएनए निघाला. भाऊ-बहीण किंवा आई-बाप आणि मूल, अशा सख्ख्या नात्यातून जन्मलेला पुरुष. लगेच देवराजा! इजिप्तच्या फेरोंशी तुलना! १६९९ मध्ये रस्त्यासाठी दगड काढताना उघडं पडलेलं हे थडगं, तेव्हापासून येणाऱ्याजाणाऱ्यांना मोकळं. त्यातला एक सुटा तुकडा, आणि त्यावर राजघराणं. २०२५ मध्ये पुरातत्त्वज्ञांनीच त्यावर आक्षेप घेतला.

उत्खननप्रेमी : आक्षेप घेतला, हे तर बरंच झालं. तुम्ही प्रत्येक वेळी पहिला मथळा धरता आणि दुसरा लेख सोडून देता. पन्नास-साठ वर्षांपूर्वीपर्यंत असं शिकवत की महापाषाणी बांधकामाची कला पूर्वेकडून, भूमध्य समुद्राकडून उत्तरेत आली. गॉर्डन चाइल्डसारखा मोठा माणूस हे मांडत होता. कार्बन-१४ च्या तारखा दुरुस्त झाल्या आणि उत्तर-पश्चिम युरोपातली थडगी पिरॅमिडांपेक्षा जुनी निघाली. कॉलिन रेनफ्रू यांनी १९७३ मध्ये तो जुना सिद्धान्त मोडीत काढला. ही माणसं आपल्याच बुद्धीनं बांधत होती, हे आपल्याला कुदळीनंच सांगितलं.

शंकेखोर : चला, इथं आपण दोघं एका गावचे. याच विचारसरणीनं आपल्याकडेही घोळ घातला होता. एकोणिसाव्या शतकात नागपूरजवळच्या जुनापाणीच्या शिळावर्तुळांवर रिव्हेट-कार्नॅक या गोऱ्या अधिकाऱ्याला दगडांवर कोरलेले खळगे दिसले, तर त्याला लगेच स्कॉटलंडमधल्या खळग्यांची आठवण झाली. मेडोज टेलर यांनी दख्खनमधल्या थडग्यांना केल्टिक, शक अशी नावं दिली. विदर्भातली ती वर्तुळं लोहयुगातली, युरोपातल्यांपेक्षा दोन हजारांवर वर्षांनी धाकटी. नातं काही नाही. मेलेल्यावर मोठा दगड ठेवावा, हे माणसाला कुठंही सुचतं.

पण नात्यावरून आठवलं. डेन्मार्कमधला डीएनए सांगतो की ही थडगी बांधणाऱ्या शेतकऱ्यांची जागा इ.स.पू. २८०० च्या सुमारास गवताळ प्रदेशांकडून आलेल्या वंशाच्या लोकांनी जवळपास पूर्णच घेतली. नव्या लोकांनीही काही ठिकाणी आपली प्रेतं याच जुन्या थडग्यांत ठेवली. म्हणजे आजचे डॅनिश लोक त्या बांधणाऱ्यांचे वारस जवळजवळ नाहीत. मग ती हाडं संग्रहालयाच्या पेटीत ठेवायला संमती कुणाची?

उत्खननप्रेमी : कुणाचीच नाही. संमती देणारं कुणी उरलेलं नाही.

शंकेखोर : म्हणून परवानगी लागत नाही, की म्हणून जास्त जपायला हवं?

उत्खननप्रेमी : मला प्रामाणिकपणे ठाऊक नाही. हाडं सरकवण्याची सवय त्या लोकांनाच होती, असं मी स्वतःला सांगतो. पण ते सरकवून तिथंच ठेवत, आम्ही बाहेर नेतो. हा फरक मला मिटवता येत नाही. म्हणूनच माझा ओढा हल्ली भिंतींकडे आहे. दगडाला आणि सालीला कुणाचे पूर्वज विचारावे लागत नाहीत.

शंकेखोर : आणि भिंतींसाठी मोडणं भाग. २,४०० पैकी कुठलं थडगं मोडाल?

उत्खननप्रेमी : ज्याची छतशिळा आधीच घसरली आहे आणि कोठडीत हाडंही उरलेली नाहीत, ते. झाडांची मुळं, पाणी आणि बिळं करणारे प्राणी मिळून ते पुढच्या शतकात तसंही ढासळवणारच आहेत. न खणणं म्हणजे जपणं असं तुम्ही धरता. पण न खणलेलं थडगंही रोज थोडं थोडं मोडतच असतं, फक्त त्याची नोंद कुणी ठेवत नाही.

शंकेखोर : हे मात्र मी आजवर धरलं नव्हतं. ठीक. पण शिळेचं घसरणं हीसुद्धा त्या थडग्यात घडलेली एक गोष्ट आहे, रूनलेखांसारखीच. तुम्ही ती आधी नोंदवणार, की आधी सरळ करणार?

उत्खननप्रेमी : आधी नोंदवणार, हे काय विचारणं झालं?

शंकेखोर : नोंदवलीत. खालची साल काढलीत, वय मोजलंत, बांधणाऱ्यांचा पत्ता लागला. मग ती शिळा परत बसवणार कशी? पाच हजार वर्षांपूर्वी होती तशी, की काल होती तशी?

उत्खननप्रेमी : सरळ नाही बसवली, तर थडगं मोडून टाकलं असं तुम्हीच म्हणाल.

शंकेखोर : म्हणेन. आणि सरळ बसवलीत, तर न्यूग्रेंज केलं असं म्हणेन.